घर किती 'गळतं'? ५० पास्कलचा आकडा, मोबाइल अ‍ॅप आणि विश्वासाचा प्रश्न

ऑक्टोबर २०२५ मध्ये ब्रिटनच्या नॅशनल ऑडिट ऑफिसने, म्हणजे तिथल्या 'कॅग'ने, एक अहवाल दिला. सरकारी योजनांमधून ज्या घरांच्या बाहेरच्या भिंतींवर उष्णतारोधक आवरण बसवलं होतं, त्यापैकी ९८ टक्के घरांमध्ये मोठे दोष असल्याचा अंदाज त्यात होता. संख्या २२ ते २३ हजार घरांची. बिल कमी व्हावं म्हणून केलेल्या कामातून अनेकांच्या घरात ओल आणि बुरशी येण्याचा धोका तयार झाला. 

या बातमीवर बरंच राजकारण झालं. मला त्यातला टेक्नॉलॉजीचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. घर चांगलं बांधलंय की नाही, हे मोजायचं कसं? आणि मोजणाऱ्यावर विश्वास कशाच्या आधारावर ठेवायचा?

भिंतीच्या आवरणाचं काम तपासणं अवघड असतं, कारण दोष आत लपलेला असतो. पण घराची एक गोष्ट अशी आहे की तिचा थेट आकडा काढता येतो. ती म्हणजे हवागळती. त्यासाठी लागतो एक पंखा, दोन-तीन प्लास्टिकच्या नळ्या आणि हातात मावणारा डिजिटल प्रेशर गेज. हल्ली त्यात मोबाइलचीही भर पडली आहे.

ब्लोअर डोअर टेस्ट म्हणजे काय?

कल्पना एकदम सोपी आहे. घराच्या मुख्य दारात कापडी पडद्यासारखी चौकट घट्ट बसवतात आणि तिच्यात एक ताकदवान पंखा लावतात. बाकी सगळी बाहेरची दारं-खिडक्या बंद. पंखा घरातली हवा बाहेर फेकू लागला की आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो. मग जिथे जिथे फट असेल तिथून बाहेरची हवा आत घुसते.

आत-बाहेरचा फरक ५० पास्कलवर नेतात आणि तो टिकवण्यासाठी पंख्याला तासाला किती घनमीटर हवा फेकावी लागते ते मोजतात. जेवढी हवा जास्त, तेवढ्या फटी जास्त.

५० पास्कल म्हणजे किती? स्ट्रॉमधून पाणी फक्त ५ मिलिमीटर वर ओढायला लागतो तेवढा दाब. किंवा ताशी साधारण ३३ किलोमीटर वेगाचा वारा भिंतीवर थेट आदळला तर पडतो तेवढा. कान दडे बसणार नाहीत, पण खिडकीच्या कडेला हात धरला तर झुळूक लगेच जाणवते.

आता एक उदाहरण. समजा फ्लॅटमध्ये १६० घनमीटर हवा मावते आणि ५० पास्कलला पंखा तासाला १६०० घनमीटर हवा फेकतोय. १६०० भागिले १६०, म्हणजे तासाला १० वेळा घरातली सगळी हवा बदलते. हा झाला त्या घराचा आकडा. जर्मनीतून आलेल्या 'पॅसिव्ह हाउस' मानकात हाच आकडा ०.६ च्या आत लागतो. अमेरिकेच्या आदर्श ऊर्जा नियमावलीत २०१२ पासून बहुतेक थंड भागांसाठी ३ आणि उष्ण भागांसाठी ५ ही मर्यादा आली. रोजच्या साध्या परिस्थितीत गळती किती असेल याचा ढोबळ अंदाज हवा असेल तर आकड्याला २० ने भागतात. म्हणजे आपल्या उदाहरणात दर दोन तासांनी एकदा सगळी हवा बदलते.

फोनमध्ये बॅरोमीटर असतोच की, मग वेगळा गेज कशाला?

हा प्रश्न तुमच्या डोक्यात आला असेल तर बरोबर आला आहे. बऱ्याच महागड्या फोनमध्ये हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. लिफ्टने एक मजला वर गेलात की दाब साधारण ३५ पास्कलने कमी होतो आणि फोनला ते कळतं. मग ५० पास्कल का नाही मोजता येणार?

अडचण अशी की फोन एकाच ठिकाणचा एकूण दाब मोजतो, जो साधारण १ लाख पास्कल असतो. आपल्याला हवाय दोन जागांमधला बारीकसा फरक. तोच फोन टेबलावरून उचलून जमिनीवर ठेवलात तरी ९ पास्कलचा फरक पडतो. ढग आले, वारा सुटला, तरी आकडा सरकतो.

डिजिटल गेजची गोष्ट वेगळी. त्याला दोन तोंडं असतात. एक घरातल्या हवेला उघडं, दुसऱ्याला नळी लावून ती बाहेर सोडलेली. दोन्हीकडचा दाब मधल्या सेन्सरवर एकाच वेळी पडतो, त्यामुळे वातावरणाचा १ लाखाचा बोजा आपोआप वजा होतो आणि फक्त फरक उरतो. या क्षेत्रात डीजी-७०० नावाचा गेज खूप वापरला गेला. त्याची अचूकता वाचनाच्या १ टक्का किंवा ०.१५ पास्कल, यापैकी जे जास्त असेल ते.

अशा गेजला दोन चॅनल असतात. पहिला घर आणि बाहेर यांच्यातला फरक दाखवतो. दुसरा पंख्याच्या तोंडाशी असलेला दाब मोजून त्यावरून हवेचा प्रवाह काढतो. डीजी-१००० सारख्या नव्या गेजमध्ये टचस्क्रीन आणि वायफाय आलं. आता टेस्ट करणारा माणूस फोनवरच्या अ‍ॅपमधून पंखा ५० पास्कलवर 'लॉक' करतो आणि घरभर फिरून फटी शोधतो. म्हणजे फोन इथे रिमोट आणि वही आहे. मोजणारा गेजच.

आकडा नेमका कुठे चुकतो?

स्क्रीनवर दशांशापर्यंत आकडा आला की आपल्याला तो खराच वाटतो. पण या टेस्टमध्ये गेजपेक्षा गेज लावण्याची पद्धत जास्त महत्त्वाची असते.

*बेसलाइन.* पंखा बंद आणि झाकलेला असतानाही आत-बाहेर थोडा फरक असतोच, वाऱ्यामुळे आणि तापमानामुळे. तो आधी नोंदवून नंतर वजा करावा लागतो. आयएसओ ९९७२ या मानकानुसार हा फरक ५ पास्कलपेक्षा जास्त असेल तर टेस्ट ग्राह्य धरत नाहीत.

*नळी.* बाहेरच्या नळीचं टोक पंख्याच्या झोतात किंवा थेट वाऱ्यात आलं, नळी दाराखाली चेपली गेली, आत पाण्याचा थेंब अडकला, तर आकडा बिघडतो. गेज मात्र काहीच तक्रार करत नाही.

*रिंग.* गळती कमी असेल तर पंख्याच्या तोंडावर लहान छिद्राची रिंग लावतात. कोणती रिंग लावली आहे ते गेजला सांगावं लागतं. पंख्यावर एक आणि सेटिंगमध्ये दुसरी असेल तर निकाल कितीतरी पटींनी चुकू शकतो.

*एकच वाचन.* चांगल्या टेस्टमध्ये वेगवेगळ्या दाबांवर वाचनं घेऊन आलेख काढतात. दाब वाढला की प्रवाह कसा वाढतो ते एका घातांकातून कळतं. तो ०.५ ते १ च्या दरम्यानच असायला हवा, बहुतेक घरांत ०.६५ च्या आसपास. त्याबाहेर गेला तर टेस्टच्या मधेच काहीतरी उघडलं किंवा बंद झालं असं समजायचं.

मशीन खरं बोलतं, पण...

आता ब्रिटनकडे परत येऊ. इंग्लंडमध्ये १५ जून २०२२ पासून नवे बांधकाम नियम लागू झाले. आधी मोठ्या प्रकल्पात काही नमुना घरं तपासली तरी चालायचं, आता प्रत्येक नव्या घराची टेस्ट बंधनकारक आहे. मर्यादाही कडक झाली. घराच्या बाह्य पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे ताशी १० घनमीटर चालायचे, ते ८ वर आले.

या बदलाआधीचा एक अभ्यास मला फार बोलका वाटतो. २०१७ मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी सुमारे १ लाख ४४ हजार टेस्टचे निकाल एकत्र पाहिले. घरं वेगवेगळी, बांधणारे वेगवेगळे, म्हणजे आकडे एका गुळगुळीत डोंगरासारखे पसरायला हवेत. तसं दिसलं नाही. बिल्डरने आधी जाहीर केलेल्या उद्दिष्टाच्या अगदी अलीकडे आकड्यांची गर्दी होती. दहावीच्या निकालात ३५ मार्कांवर एकदम गर्दी दिसली तर आपल्याला जी शंका येईल, तीच.

याचा अर्थ सगळे खोटं बोलतात असा नाही. पहिल्यांदा नापास झालं की कडेकडेने सीलंट भरायचं आणि पुन्हा मोजायचं, हे शक्य आहे. पण टेस्टपुरत्या बुजवलेल्या फटी काही महिन्यांत पुन्हा उघडल्या तर राहणाऱ्याच्या हाती काय आलं? टेस्ट करणाऱ्याचे पैसे बिल्डर देतो आणि निकालावर बिल्डरचं काम अडलेलं असतं. गेज कितीही अचूक असला तरी हे नातं तो बदलू शकत नाही.

इथेच मला मोबाइल अ‍ॅपचा खरा उपयोग दिसतो. आकडा कागदावर लिहिण्याऐवजी प्रत्येक वाचन वेळेसह आपोआप साठवलं गेलं, बेसलाइन आणि आलेख सोबत राहिले, दाराचे आणि रिंगचे फोटो जोडले, तर नंतर कुणीही तपासू शकतं. मात्र हा कच्चा डेटा घरमालकाला मिळायला हवा. तो फक्त कंपनीच्या सर्व्हरवर राहणार असेल तर कागदी सर्टिफिकेट आणि अ‍ॅपमधली पीडीएफ यात फरक काय?

दुसरी गोष्ट अजून गंभीर आहे. गळती बंद केली की घर आपोआप चांगलं होत नाही. इंग्लंडमधल्या रॉचडेलमध्ये डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा घरातल्या बुरशीमुळे गेला. त्या घरात पुरेसं वायुवीजनच नव्हतं. त्याच्या नावाने आलेला कायदा ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस लागू झाला. त्यानुसार सामाजिक घरमालकांना धोकादायक ओल-बुरशीची दखल ठरावीक मुदतीत घ्यावीच लागते. फटी बुजवायच्या, पण ताजी हवा येण्याचा ठरवलेला मार्गही ठेवायचा. दोन्ही मोजायचं.

आपल्याकडे याचं काय?

भारतात ही टेस्ट अगदी अनोळखी नाही, फक्त ती घरात होत नाही. नवी मुंबईत उभी राहणारी डेटा सेंटर्स बघा. सर्व्हर रूममध्ये आग लागली तर पाण्याऐवजी गॅस सोडतात आणि तो साधारण किमान १० मिनिटं खोलीत टिकायला हवा. टिकेल की नाही हे बघायला दारात असाच पंखा लावून 'डोअर फॅन टेस्ट' करतात. गेज तेच, गणित थोडं वेगळं. सर्व्हरसाठी आपण फटी मोजतो, माणसांच्या घरासाठी नाही!

२०१८ च्या इको निवास संहितेत भिंती, छप्पर आणि काचांमधून येणाऱ्या उष्णतेचा विचार आहे, पण अख्ख्या फ्लॅटची हवागळती मोजायची सक्ती नाही. मला हे पूर्ण चूक वाटत नाही. आपल्याकडे वर्षातले बरेच दिवस खिडकी उघडी ठेवणं हाच सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

पण एसीच्या खोलीचं काय? जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल खट्टर यांनी एसीचं तापमान २० ते २८ अंशांत बांधण्याची योजना जाहीर केली. चर्चा सगळी रिमोटवरच्या आकड्याची झाली, खोलीच्या फटींची कुणी केली नाही. मुंबईसारख्या ठिकाणी बाहेर ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल आणि खोली २४ अंश, ५० टक्क्यांवर ठेवायची असेल, तर आत घुसलेली हवा थंड करण्यापेक्षा तिच्यातलं पाणी काढायला एसीला साधारण पाचपट ऊर्जा लागते. म्हणजे स्लायडिंग खिडकीच्या फटीतून उकाड्यापेक्षा दमटपणा महाग पडतो.

घरच्या घरी अंदाज घ्यायचा असेल तर खिडक्या बंद करून किचनचा एक्झॉस्ट फॅन लावा आणि पेटलेली अगरबत्ती खिडकीच्या कडा, दाराखालची फट, एसीच्या पाइपचं भोक इथे फिरवा. पडद्यापासून सांभाळून. धूर वळला तिथे फट आहे. आकडा मिळणार नाही, जागा मात्र कळेल.

एक इशारा, कृपया गांभीर्याने घ्या: हे करताना गॅस गीझर आणि शेगडी बंद ठेवा. बंद घरात पंखा हवा बाहेर ओढत असेल तर गीझरचा विषारी धूर उलटा आत येऊ शकतो. व्यावसायिक टेस्टमध्येही ही उपकरणं आधी बंद करतात. आणि गॅस गीझर असलेल्या बाथरूमची जाळी कधीही, कोणत्याही कारणाने बुजवू नका.

माझं मत

येत्या काही वर्षांत 'ग्रीन' सर्टिफिकेट असलेले फ्लॅट आपल्याकडेही जास्त विकले जातील आणि ब्रोशरमध्ये आकडे येतील. तेव्हा चार प्रश्न विचारा. हा आकडा मोजलेला आहे की कॉम्प्युटरवर काढलेला? माझ्याच फ्लॅटचा आहे की नमुना फ्लॅटचा? गेजचं कॅलिब्रेशन कधी झालं? आणि कच्ची वाचनं मला मिळतील का?

ब्रिटनने नियम आधी केले आणि पडताळणीकडे नंतर पाहिलं. त्याची किंमत तिथले रहिवासी मोजत आहेत. आपले नियम अजून लिहिले जात आहेत, त्यामुळे डेटा राहणाऱ्याच्या फोनवर येईल ही अट आत्ताच घालता येईल. गेजपेक्षा ती अट स्वस्त आहे.