आधी वस्ताद बघा, मग विद्या

सध्या आपल्या घराघरात एक प्रश्न ऐकू येतो. मुलाला कराटेला घालू का ज्युडोला? मुलीला तायक्वांदो बरं का लाठी? मला विचाराल तर काय शिकायचं ते नंतर ठरवा, कोणाकडे शिकायचं ते आधी बघा.

हे मी बडोदेकर म्हणून सांगतोय. दांडिया बाजारातलं जुम्मादादा व्यायाम मंदिर आपल्या सगळ्यांना माहीत आहे. जुम्मादादा मुसलमान उस्ताद, त्यांचे शिष्य राजरत्न प्रो. माणिकराव मराठी. संस्थेला नाव उस्तादांचं, पण लोक आजही ‘माणिकरावांचा आखाडा’ असंच म्हणतात. शिष्याने गुरूचं नाव पुढे ठेवलं, गावाने शिष्याचं. जात-धर्म बघून वस्ताद निवडायची रीत असती, तर बडोद्याला माणिकराव मिळालेच नसते.

माझी गोष्ट साधीच आहे. बाराव्या वर्षी मी एका क्लासला जायचो. चाळीस मुलं, एक शिटी, दर तीन महिन्यांनी परीक्षा आणि नवा पट्टा, त्याची फी वेगळी. मी डावखुरा. ‘उजव्या हाताने कर’ एवढंच माझ्या वाट्याला यायचं. दीड-दोन वर्षांत तीन पट्टे मिळाले, पण सरांना माझं नाव काही माहीत झालं नाही.

मग आजोबांच्या ओळखीने एका छोट्या आखाड्यात गेलो. तिथले दादा रेल्वेतून रिटायर झालेले. पहिला महिना त्यांनी लाठी हातात दिलीच नाही. हौद्यातली माती उकरायची, मल्लखांबाला एरंडेल लावायचं, नमस्कार घालायचे, जोर काढायचे. जोर गुजरातीत मोजायचे आणि ओरडा मराठीत खायचा! दादा नुसते बघत असायचे. एक दिवस म्हणाले, “तू डावरा ना रे? थांब, आधी मला शिकू दे.” साठी ओलांडलेले दादा आठवडाभर डाव्या हाताने लाठी फिरवत राहिले. दोनदा स्वतःच्याच कानावर बसली. मग माझ्या शेजारी उभे राहून म्हणाले, “हां, आता बघ.”

वस्ताद म्हणजे हेच. बडोद्यातच द. चिं. मजुमदारांनी व्यायामज्ञानकोशाचे 10 खंड काढले, केवढं मोठं काम! पण समोरचा पोरगा डावखुरा आहे हे पुस्तकाला कळत नाही. माणसाला कळतं, तेही त्याने बघितलं तर.

यात कराटेचा दोष नाही. ओकिनावातही ती विद्या गुरूजवळ राहूनच शिकत. खोट आहे ती गर्दीची आणि घाईची. आणि आखाड्यांचंही सगळं गोड होतं असं नाही. छडी चालायची, पाय दाबून घेतले जायचे, कित्येक ठिकाणी मुलींना दारातूनच परत पाठवायचे. त्याला गुरुभक्ती म्हणू नका. सर्टिफिकेटचं म्हणाल, तर मल्लखांब आता खेलो इंडियातही आहे.

तेव्हा फी भरण्याआधी तीन संध्याकाळी नुसतं जाऊन बसा. बडोदं असो, इंदूर असो की बेळगाव. शिकवणाऱ्याला मुलांची नावं येतात का? दुखावलेल्या पोराला तो घरी पाठवतो का? मुलींशी नीट वागतो का? सगळ्यात मागे असलेल्या मुलाजवळ जातो का? आणि तुम्ही बसलात म्हणून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या, तर चप्पल घाला आणि निघा. बाकी सगळं जमलं तर मग ती लाठी आहे, कुस्ती आहे की कराटे, हे विचारलं नाहीत तरी चालेल.