व्यवस्था आणि सहवास

सुशिक्षित समाजांत अलीकडे एका शब्दाची फार चलती आहे, आणि तो शब्द म्हणजे ‘व्यवस्था’. कोणी स्नेही भेटला आणि त्याच्या वृद्ध आईवडिलांची चौकशी केली, कीं उत्तर ठरलेलें असतें : “त्यांची सर्व व्यवस्था उत्तम लावून दिली आहे.” मग त्या व्यवस्थेचा तपशील येतो. दिवसाची बाई, रात्रीची बाई, वेळेवर येणारा डबा, औषधांसाठीं वारांचे खण पाडलेली डबी, घरीं येऊन तपासणीसाठीं रक्त नेणारा मुलगा, दिवाणखान्यांत बसविलेला कॅमेरा, आणि रविवारीं न चुकतां दूरध्वनि. ऐकणारा मान डोलावतो, सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरतें, आणि दोघेही निश्चिंतपणें दुसऱ्या विषयाकडे वळतात. या निश्चिंतपणाविरुद्ध आज आम्हांस लिहावयाचें आहे. व्यवस्था ही सहवासाची जागा कधींही घेऊं शकत नाहीं. उलट ती जितकी चोख, तितका सहवासाचा अभाव अधिक झांकला जातो, असें आमचें स्पष्ट मत आहे.

हा उपदेश आम्ही उंच आसनावरून करीत आहों असें मात्र कोणीं समजूं नये. या अपराधांतील पहिले आरोपी आम्हीच. आमचे वडील, ज्यांस आम्ही अण्णा म्हणतों, मुळशीकडील एका खेड्यांत प्राथमिक शाळेचे शिक्षक होते. आम्ही पुण्यास महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकवीत राहिलों. आमची आई अखेरच्या दुखण्यांत पांच महिने अंथरुणाला खिळून होती. त्या पांच महिन्यांत आम्हीं परिचारिका ठेविली, औषधें धाडलीं, पैसे एक दिवसही उशिरा जाऊं दिले नाहींत. आणि दोन तासांच्या वाटेवर असूनही चार वेळांपेक्षां अधिक गेलों नाहीं. परीक्षा होत्या, उत्तरपत्रिका होत्या, एक चर्चासत्र होतें. आई गेल्यावर अण्णा आमच्याकडे राहावयास आले. त्यांना दक्षिणेकडची खोली दिली, वर्तमानपत्र लावून दिलें, मोबाइल शिकविला. व्यवस्थेंत उणें कांहींच नव्हतें. परंतु वर्षभरांत त्यांच्यांत आणि आमच्यांत जें बोलणें झालें, तें सारें एका पानावर मावलें असतें, आणि त्यांतलें निम्में गोळ्यांविषयीं होतें.

पुढें डॉक्टरांनीं त्यांना रोज चालावयास सांगितलें. गुडघ्यांना सिमेंटचा रस्ता सोसेना, म्हणून आम्ही त्यांना वेताळ टेकडीवर नेऊं लागलों. ही टेकडी पुणे शहरांतील सर्वांत उंच, समुद्रसपाटीपासून सुमारें ८०० मीटर. तिच्यावर वनखात्याचें राखीव रान आहे, जुनी दगडाची खाण आहे, वेताळाचें देऊळ आहे, आणि पहाटे मोरांचा आवाज आहे. हिला अरण्य कसें म्हणावें, असें कोणी विचारील. ज्याला ताडोबा पाहिजे त्यानें ताडोबास जावें. रोज जातां येतें तेंच आमचें अरण्य.

पहिला महिना मुक्यानेंच गेला. मग फाल्गुनांतल्या एका सकाळीं गुलाबी फुलांनीं लहडलेल्या झाडांकडे बोट करून आम्ही सहज म्हणालों, “आपलें हें रान किती सुंदर दिसतें!” अण्णा थांबले. “हें आपलं नव्हे,” ते म्हणाले, “ही उंदीरमारी. लावलेली आहे. आपलं ते बघ.” आणि त्यांनीं काठीनें पापुद्रे सुटलेल्या खोडाची सालई दाखविली, तिच्या डिंकाचा धूप कसा होतो तें सांगितलें, पुढें निष्पर्ण फांद्यांवर पिवळीं फुलें मिरविणारा गणेर दाखविला, मेंढ्याच्या शिंगासारख्या शेंगांची मेडशिंगी दाखविली. उंदीरमारी, म्हणजेच गिरिपुष्प, मूळचें मेक्सिको व मध्य अमेरिकेकडचें आणि येथें मुद्दाम लाविलेलें, हें आम्हीं घरीं येऊन पुस्तकांत पडताळून पाहिलें. तीस वर्षें त्या टेकडीच्या पायथ्याशीं राहून, इंग्रज कवींचे डॅफोडिल वर्गांत शिकवून, दाराबाहेरचें झाड आपलें कीं परकें हें आम्हांस ठाऊक नव्हतें!

येथें आमच्या मुद्द्याचें मर्म आहे. घरांत वृद्ध मनुष्य सदैव शिकाऊ असतो. मोबाइल कसा लावावा, बँकेचा सांकेतिक अंक कोणास सांगूं नये, कोणती गोळी जेवणाआधीं घ्यावी, हें सारें मुलगा शिकवितो आणि बाप ऐकतो. ज्यानें आयुष्यभर दुसऱ्यांस शिकविलें, त्याला उठतांबसतां शिकवणी सोसावी लागते. मग तो गप्प होतो, आणि आपण म्हणतों कीं वयोमानानें बोलणें कमी झालें. रानांत हा क्रम उलटतो. तेथें आम्ही विद्यार्थी आणि अण्णा गुरुजी. शिवाय, घरांत समोरासमोर बसलें कीं एकमेकांचे चेहरे वाचावे लागतात. पाऊलवाटेवर दोघांचीही दृष्टि पुढें असते, मधली शांतता अवघडवीत नाहीं, आणि जें तोंडावर बोलवत नाहीं तें चालतां चालतां बोलवतें.

तें एके दिवशीं बोललें गेलें. खाणीच्या कांठीं आम्ही विसांव्यासाठीं बसलों होतों. आईचा विषय कसा निघाला हें आतां स्मरत नाहीं. आम्हीं आपली बाजू मांडूं पाहिली; परिचारिका, औषधें, पैसे, सारें सांगितलें. अण्णा शांतपणें म्हणाले, “व्यवस्था चोख होती रे. त्यात कुठं काही कमी नव्हतं. ती मात्र रोज चारच्या एसटीची वेळ विचारायची.” एवढें बोलून ते उठले व चालूं लागले. त्यांत राग नव्हता, आणि म्हणूनच आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. हें वाक्य त्यांनीं घरांत तीन वर्षें मनांत ठेविलें होतें. दुसऱ्या दिवशीं ते येतील कीं नाहीं अशी आम्हांस शंका होती. पण साडेसहाला ते काठी घेऊन दाराशीं उभे होते.

आपल्या पूर्वजांस ही गोष्ट कळत होती. धर्मशास्त्रानें गृहस्थास सांगितलें कीं अंगावर सुरकुत्या पडल्या, केस पिकले, नातवाचें तोंड पाहिलें कीं अरण्याचा आश्रय करावा. त्या आज्ञेंत बाप वनांत जातो आणि पुत्र घरीं राहतो, हें खरें. पण महाभारत पाहावें. युद्धानंतर पंधरा वर्षें धृतराष्ट्र पांडवांपाशीं राहिला. युधिष्ठिरानें व्यवस्थेंत कांहीं उणें ठेविलें नाहीं, तरी भीमाचे शब्द त्याला टोंचतच होते, आणि अखेर तो गांधारी व कुंती यांसह वनांत गेला. पुढें पांडव भेटीस गेले तेव्हां सहदेव धांवत जाऊन कुंतीच्या पायांवर पडून रडला. पंधरा वर्षांच्या राजवाड्यांतील व्यवस्थेनें जें साधलें नाहीं, तें त्या वनांतल्या भेटीनें साधलें. थोड्याच काळानें त्या तिघांचा वणव्यांत अंत झाला. भेट वेळेवर झाली, एवढेंच पांडवांचें भाग्य.

आजच्या राज्यकर्त्यांनींही या विषयाकडे लक्ष दिलें आहे. २००७ मध्यें आईवडिलांच्या व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा झाला, आणि त्यांत मुलांकडून देवविण्याच्या निर्वाहरकमेस दरमहा १०,००० रुपयांची कमाल मर्यादा घातली गेली. ज्या घरांत आईबाप उपाशी आहेत तेथें असा कायदा हवाच. परंतु रक्कम देवविणारें न्यायासन सकाळचा एक तास देववूं शकत नाहीं. तो ज्याचा त्यानें द्यावयाचा.

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप वेळेचा. वेळ नाहीं असें म्हणणारे आमचे स्नेही पहाटे व्यायामशाळेंत फिरत्या पट्ट्यावर पाऊण तास एकटेच चालतात! त्यांना वेळ काढावयाचा नाहीं. सोबत तेवढी बदलावयाची आहे. दुसरा आक्षेप शास्त्राचा : जपानांत १९८२ पासून ‘शिनरिन-योकू’, म्हणजे वनस्नान, या नांवानें हीच गोष्ट आरोग्यासाठीं सांगितली जाते, मग तुम्ही नवें काय सांगतां? आरोग्य लाभत असेल तर आनंदच आहे. पण बापासह चालणें हें औषध म्हणून घेतलें कीं तें पुन्हां डबीच्या खणांत जाऊन बसतें. तिसरा आक्षेप खरा आहे. कित्येकांचीं मुलें परदेशीं आहेत, आणि कित्येकांच्या आईबापांस पाऊल उचलवत नाहीं. पहिल्यांस आम्ही इतकेंच सांगूं कीं सुट्टीचे पंधरा दिवस खरेदींत व मेजवान्यांत न घालवितां त्यांतल्या सकाळी आईबापांस द्याव्या. दुसऱ्यांस सांगूं कीं खुर्ची झाडाखालीं नेली तरी पुरे आहे. आणि ज्यांच्या बापाचा स्वभावच कठोर होता, त्यांच्यावर आम्ही हा मार्ग लादीत नाहीं. तो हिशेब ज्याचा त्यासच ठाऊक.

आणखी एक गोष्ट सांगितल्याविना लेख पुरा होत नाहीं. या टेकडीच्या अंगावरून बालभारतीपासून पौड फाट्यापर्यंत रस्ता काढावा, अशा योजना निघाल्या, आणि २०२३ च्या एप्रिलांत टेकडी वांचविण्यासाठीं पुणेकर रस्त्यावर उतरले. रस्त्याच्या पुरस्कर्त्यांचा मुख्य युक्तिवाद वांचणाऱ्या मिनिटांचा. आम्ही त्यांस नम्रपणें विचारतों, आजवर जीं मिनिटें वांचलीं त्यांचें आपण काय केलें? मुळशीच्या रस्त्यावर आम्हींही पुष्कळ मिनिटें वांचविलीं. त्यांतलें एकही आमच्या आईच्या वांट्यास गेलें नाहीं. पुत्रानें बापाबरोबर कोठें चालावें, हा प्रश्न घरगुती आहे असें ज्यांस वाटतें, त्यांनीं टेकड्या गेल्यावर तो विचारून पाहावा.

अण्णांचे गुडघे आतां पूर्वीसारखे चालत नाहींत. देवळापर्यंतची वाट आम्हीं सोडली; सालईपर्यंत जातों, तिच्याखालीं बसतों आणि परत फिरतों. काल त्यांनीं आमची परीक्षा घेतली. सात झाडें विचारलीं. पांच बरोबर आलीं. उरलेलीं दोन पाठ करून येण्यास त्यांनीं बजावलें आहे.