विहारातला फ्रिज: छोटा चालेल, पण खरा हवा



उन्हाळा लागला की आमच्या महिला मंडळात दोन विषय हमखास निघतात. संघाबरोबर विहाराला यंदा कोण कोण येणार, हा पहिला. आणि गाडीत ठेवायचा छोटा फ्रिज घ्यावा का, घेतला तर कोणता, हा दुसरा. जाहिरातीत तो फ्रिज नदीकाठच्या तंबूशेजारी ऐटीत ठेवलेला दिसतो. आपला मुक्काम कुठे असतो ते तुम्हाला माहीत आहे. शाळेचा व्हरांडा, शेतातली पत्र्याची शेड, फारच झाले तर राहुटी. एप्रिल-मे महिन्यांत मराठवाडा-विदर्भात पारा ४३-४४ वर जातो आणि त्या पत्र्याखाली काय होते ते चौका लावणाऱ्या बाईलाच विचारावे.

माझे मत आधीच सांगते. अन्नासाठी विहारात फ्रिजची गरज नाही. औषधासाठी आहे, आणि तिथे स्वस्तातला फ्रिज चालत नाही.

अन्नाचे आधी बोलू, कारण घोटाळा तिथेच होतो. आपल्याकडे पदार्थाची मर्यादा काळाने ठरते. पीठ पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५, हिवाळ्यात ७. गाळलेले पाणी ४८ मिनिटे, उकळलेले २४ तास. दूध काढल्यापासून ४८ मिनिटांच्या आत तापवायचे. यात थंड जागी ठेवले तर जास्त चालेल, असे कुठे आहे का? नाही. तरीही बायका म्हणतात, फ्रिज असला की कालची भिजवलेली कणिक सकाळी कामाला येईल, इडलीचे पीठ नेता येईल. ती कणिक आंबट होणार नाही, वासही येणार नाही, हे खरे. म्हणजे फ्रिज फक्त आपल्या नाकाला फसवतो. चलितरस झाल्याची खूण दिसत नाही एवढेच. शिळे ते शिळेच. आमच्या चौक्यात फ्रिजमधली वस्तू जात नाही, आणि त्यामुळे आजवर काही अडलेले नाही. सकाळी विहिरीचे पाणी गाळून आणायचे, ताजे दळलेले पीठ, त्या वेळेपुरते दूध. बरोबरच्या मंडळींचे जेवणही सूर्यास्ताच्या आत उरकते, तेव्हा रात्रीसाठी राखून ठेवायचे काही उरतच नाही.

उरले थंड पाणी. उकळलेले पाणी परातीत पसरून निववायचे, मग स्टीलच्या कळशीत भरून कळशीला ओले फडके गुंडाळायचे आणि ती वाऱ्याला ठेवायची. आपल्याकडची उन्हाळी हवा कोरडी असते, त्यामुळे तासाभरात पिण्याजोगा गारवा येतो. कोकणात हा उपाय फारसा लागू पडत नाही, तिथे फडके वाळतच नाही.

आता औषधाचे. आपल्यात साठीच्या पुढच्या किती जणी इन्सुलिन घेतात, मोजून पाहा. माझ्या सासूबाई घेतात. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावे लागते. वापरात असलेले पेन बहुतेक प्रकारांत ३० अंशांच्या आत साधारण चार आठवडे चालते. नेमके किती ते पाकिटावर लिहिलेले असते, ते वाचावे. ४४ अंशांच्या दुपारी उन्हात उभ्या गाडीत ते राहिले तर त्याचा असर कमी होतो. आणि बाहेरून काही कळत नाही. सुई टोचली, साखर उतरली नाही, मग सगळे म्हणतात, आजींनी आंबा जास्त खाल्ला असेल. या भीतीनेच कितीतरी सासवा आणि आत्या आता विहाराला येत नाहीत. जन्मभर चौका केलेली बाई औषधाच्या कुपीपायी घरी बसते, याचे मला वाईट वाटते. फ्रिजचा विचार मी करते तो तिच्यासाठी.

बाजारात तीन प्रकार मिळतात.

पहिला बर्फाची पेटी. स्वस्त, विजेची कटकट नाही. पण बर्फ बाजारचा, न गाळलेल्या पाण्याचा. बावीस अभक्ष्यांत गारा आणि हिम आहेत हे आपण लहानपणापासून पाठ करतो, मग तोच बर्फ वितळून डब्याला, फळाला लागणार. शिवाय इन्सुलिन बर्फाला टेकून गोठले तर ते टाकूनच द्यावे लागते. त्यामुळे पेटी घ्यायचीच तर बर्फ न भरता बंद जेल पॅक वापरा, आणि औषध कापडात गुंडाळून, कोरड्या डब्यात, पॅकपासून दूर ठेवा. एका दिवसाच्या विहाराला एवढे पुरते. आठ दिवसांच्या विहारात ते जेल पॅक रोज गोठवायचे कुठे?

दुसरा प्रकार म्हणजे तो पाच-सात हजारांचा, सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारा डबा. सगळ्यात जास्त खपतो तो हाच, आणि माझा राग त्याच्यावरच आहे. त्यात कॉम्प्रेसर नसतो. एक चपटी पट्टी असते, वीज गेली की तिची एक बाजू गार होते आणि दुसरी तापते. थर्मोइलेक्ट्रिक म्हणतात त्याला. हा डबा बाहेरच्या हवेपेक्षा १५ ते २० अंशांनीच खाली जाऊ शकतो. आता गणित करा. बाहेर २५ असेल तर आत ५ ते १०, ठीक आहे. बाहेर ४४ असेल तर आत २४ ते २९. आणि बंद गाडीत ५५ झाले असेल तर आत ३५ ते ४०! म्हणजे आपल्या उन्हाळ्यात तो फ्रिज नव्हे, कमी गरम कपाट आहे. वर वीज मात्र सतत खातो, आणि गाडी बंद केली की त्याच पट्टीतून बाहेरची उष्णता आत शिरते. दुकानदार एसीमध्ये चालू करून दाखवतो आणि आपण हात घालून म्हणतो, वा, किती गार!

तिसरा कॉम्प्रेसरवाला. घरच्या फ्रिजचेच तत्त्व, फक्त १२ व्होल्टवर. बाहेर ४३ असले तरी आत ५ ठेवू शकतो. १५-१८ लिटरचा छोटा घेतला तरी मी चौकशी केली तेव्हा वीस हजारांच्या आत काही हाती लागत नव्हते. घेताना लेबलवर हवामानाचा वर्ग पाहा. ‘एसटी’ लिहिले असेल तर तो ३८ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेला असतो, ‘टी’ असेल तर ४३ पर्यंतच्या. आपल्याला ‘टी’ हवा. वरून झाकण उघडणारा घ्या, गार हवा जड असते, ती सांडत नाही. बॅटरी उतरू लागली की आपोआप बंद होण्याची सोय हवीच. हा फ्रिज चालू असताना साधारण ४५ वॅट, म्हणजे पावणेचार अँपिअर ओढतो. अर्धा वेळ चालला असे धरले तरी आठ तासांत १५ अँपिअर-तास गेले. छोट्या गाडीच्या बॅटरीत ३५-४० असतात. सकाळी गाडी सुरूच झाली नाही तर विहारात आपण मागे राहू आणि महाराज पुढच्या गावी पोहोचलेले असतील. म्हणून रात्री शाळेत किंवा धर्मशाळेत वीज असेल तर ॲडॅप्टरने तिथे लावावा. लांब, बारीक वायर जोडू नका, व्होल्टेज पडतो.

निघायच्या आदल्या रात्री घरीच गार करून घ्या. गाडी उभी केली की फ्रिज सावलीत काढा, त्याच्या जाळीपाशी हवा खेळू द्या. आत पाच रुपयांची प्लॅस्टिकची डबी ठेवून इन्सुलिन तिच्यात ठेवा, आतल्या भिंतीला टेकू देऊ नका, आणि एक छोटा तापमापक टाका. पडद्यावरच्या आकड्यापेक्षा त्याच्यावर विश्वास ठेवावा. आणि रात्रिभोजन त्यागाचा नियम असलेल्या बाईने इन्सुलिनच्या वेळा आणि मात्रा विहाराआधी डॉक्टरांशी बोलूनच ठरवाव्यात. चालणे वाढते, जेवण लवकर होते, रात्री साखर एकदम उतरू शकते. हे सांगायला संकोच करू नये.

काही जणी म्हणतील, महाराजांजवळ पिंछी-कमंडलू, आणि आपण मागून फ्रिज नेणार, शोभते का? शरबताच्या बाटल्यांसाठी नेला तर अजिबात शोभत नाही. आणि भीती खरी आहे, एकदा फ्रिज आला की त्यात सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या शिरतात, मुले दिवसातून चाळीस वेळा झाकण उघडतात, आणि ज्याच्यासाठी आणला ते औषधच कोमट होते.

म्हणून मला वाटते, हा फ्रिज घरोघरी घेऊच नये. पाच घरांनी सहा-सहा हजारांचे डबे घेतले की तीस हजार गेले आणि गार काहीच झाले नाही. तेवढ्यात मंडळाचा एक चांगला कॉम्प्रेसर फ्रिज येतो. त्यावर ‘फक्त औषध’ अशी चिठ्ठी चिकटवावी, प्रत्येकीच्या डबीवर नाव असावे, आणि तो एका खमक्या बाईच्या ताब्यात द्यावा. एरवी मंडळाच्या कपाटात पडून राहिला तर कुणाच्या घरी आजारपणात कामाला येईल. अक्षय तृतीयेनंतरच्या बैठकीत मी हा विषय मांडणार आहे. वर्गणीचा आकडा जाऊबाई काढत आहेत, आणि खमकी बाई कोण, यावर आमच्या घरात आत्ताच वाद सुरू झाला आहे.