तुहेत तोडून घर बांधता येत नाही

आपत्तीनंतर संस्कृतीचा विषय काढला की एक उत्तर ठरलेले असते : ‘आधी माणसे जगवा, नाचगाण्यांचे मग पाहू.’ ऐकायला हे बिनतोड वाटते. पण २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीचा दाखला नेमका उलटा आहे. इंडोनेशियातील सिमेउलुए बेट भूकंपाच्या केंद्राजवळचे. १९०७ च्या लाटेची आठवण तिथे ‘स्मोंग’ या नावाने गोष्टी-गाण्यांतून नातवंडांपर्यंत पोचली होती : जमीन जोरात हादरून समुद्र मागे हटला, की डोंगर गाठायचा. सुमारे ७८ हजार वस्तीच्या त्या बेटावर मृत्यू झाले अवघे ७. परंपरेने आधी माणसेच जगवली.

त्याच त्सुनामीत भारताच्या निकोबार बेटांवर हजारो माणसे गेली. वाचलेल्यांना अन्न, औषध, निवारा तातडीने हवा होता, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो मदत कोणाला मोजून दिली याचा. कार निकोबारमध्ये जमीन आणि माड तुहेतचे, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या एकत्र नांदणाऱ्या मोठ्या कुटुंबाचे. भरपाई आणि घरे मात्र नवरा-बायको-मुले असा हिशेब धरून वाटली गेली. खांबांवरच्या, गवताने शाकारलेल्या गोल घरांच्या जागी मुख्यभूमीवरून आणलेल्या सामानाची पत्र्याची घरे उभी राहिली. माड लाटेने नेले; तुहेत मात्र मदतीने खिळखिळे केले.

दुसरा आक्षेप असतो : ‘मग त्यांना काय संग्रहालयात ठेवायचे? पक्के घर त्यांनाही हवेच असेल.’ हवे असेल तर जरूर द्यावे. जिवंत परंपरा बदलतच असते; तो बदल कोणी ठरवायचा, एवढाच प्रश्न आहे. निकोबारमधल्याच चौरा बेटावरच्या बायका तेरेसा बेटावरची माती आणून मडकी घडवत आणि ती आसपासच्या बेटांवर जात. ही कला बेटाबेटांतल्या देवघेवीवर जगते. माणसे छावणीत आणि शिधा गोदामातून, अशी स्थिती लांबली तर मडके घडवायचे कोणासाठी आणि होडी कोरायची कशाला?

म्हणून पंचनामा तुहेतनिहाय व्हावा. घरांचे नकाशे गावच्या कप्तानांनी, म्हणजे गावप्रमुखांनी, आणि आदिवासी परिषदेने मान्य केल्यावरच काम सुरू व्हावे. माडाची रोपे आणि होडीचे लाकूड शिध्याइतकेच निकडीचे मानावे. मूळ गावी परतण्याचा हक्क लेखी द्यावा. ग्रेट निकोबारचे त्सुनामी-विस्थापित हीच मागणी करत आले आहेत. त्यांच्या बेटावर महाबंदर आखणाऱ्यांनी आधी या मागणीला उत्तर दिले पाहिजे.