दूध आईचे, विष कुणाचे?

आईच्या दुधात कीटकनाशके सापडल्याची बातमी दर काही वर्षांनी वर्तमानपत्रांत येते, दोन दिवस गाजते आणि विरून जाते. मागे उरते ती नुकत्याच बाळंत झालेल्या बाईच्या मनातली धास्ती : बाळाला अंगावर पाजू की नको? सासू, शेजारीण, औषधाचा दुकानदार, सगळे तिला सल्ला देतात. ज्यांच्या कारखान्यांतून आणि फवाऱ्यांतून हे विष आले त्यांना मात्र कोणी जाब विचारत नाही. स्त्री संघटनांनी हा प्रश्न हाती घ्यायला हवा तो याच कारणासाठी.

मुळात हे विष दुधात येते कसे? डीडीटी, एचसीएच, पीसीबी ही रसायने लवकर नष्ट होत नाहीत आणि ती चरबीत साठतात. चाऱ्यातून जनावरात, शेवाळातून माशात आणि तिथून माणसात ती चढत जातात. प्रत्येक पायरीवर त्यांचे प्रमाण वाढते. साठतात ती बाईच्याही अंगात आणि पुरुषाच्याही. पण बाई पाजू लागली की तिच्या अंगातली चरबी दुधात उतरते आणि तिच्याबरोबर वर्षानुवर्षांचा हा साठाही. म्हणून पहिल्या बाळाच्या वाट्याला तो सहसा जास्त येतो. शिवाय दूध तपासायला सुई टोचावी लागत नाही. त्यामुळे संशोधकांना ते सोयीचे पडते, आणि दूषित ठरते ती बाईच. अमेरिकेत वॉशिंग्टनमधल्या काळ्या स्त्रियांच्या दुधात डीडीटी असल्याचे १९५१ मध्येच प्रसिद्ध झाले होते. म्हणजे हे माहीत होऊन सत्तर वर्षे उलटून गेली.

मग डब्याचे दूध द्यावे का? भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची १९९३ ची पाहणी इथे डोळे उघडणारी आहे. १२ राज्यांतले गाईम्हशींच्या दुधाचे २२०५ नमुने तपासले, त्यांतल्या सुमारे ८२ टक्के नमुन्यांत डीडीटी निघाले. बाळांसाठीच्या २० ब्रँडच्या पावडरीचे १८६ नमुने तपासले, तर सुमारे ७० टक्क्यांत डीडीटी आणि ९४ टक्क्यांत एचसीएच होते. गाय त्याच रानातला चारा खाते, तेव्हा डबा कितीही चकचकीत असला तरी आतले दूध वेगळे कुठून येणार? त्यात वस्तीतले गढूळ पाणी मिसळले की जुलाबाचा धोका वेगळाच.

धोका नाही असे आम्ही म्हणत नाही. अमेरिकेतल्या मिशिगन सरोवराचे मासे खाणाऱ्या स्त्रियांच्या मुलांचा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या मुलांना पीसीबीचा सर्वाधिक संसर्ग झाला होता, त्यांचा बुद्ध्यंक अकराव्या वर्षी सरासरी सहा गुणांनी कमी भरला. मात्र या हानीचा संबंध गर्भातल्या संसर्गाशी दिसला, दुधातून गेलेल्या पीसीबीशी नाही. म्हणजे पाजणे थांबवून ही हानी टळत नाही, मूल आईच्या दुधाला मुकते तेवढे खरे. पहिले सहा महिने बाळाला फक्त अंगावरचेच दूध द्यावे, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आजही कायम आहे.

प्रश्न बायकांनी स्वतः विचारला की काय होते, हे अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या अक्वेसास्ने इथल्या मोहॉक स्त्रियांनी दाखवले. सेंट लॉरेन्स नदीकाठी जनरल मोटर्सच्या कारखान्याने पीसीबीने भरलेला कचरा साठवला होता. अमेरिकन सरकारने १९८४ मध्ये ती जागा देशातल्या सर्वांत विषारी कचऱ्याच्या ठिकाणांच्या यादीत घातली. याच सुमारास केट्सी कुक या मोहॉक सुईणीला बाळंतिणी विचारू लागल्या, पाजायला हरकत नाही ना? तिने वरून सल्ला देण्याऐवजी बायकांना एकत्र केले आणि सरकारी आरोग्य खात्याबरोबर संशोधनात बरोबरीचा वाटा मागितला. १९८६ ते १९९२ या काळात ९७ मोहॉक मातांचे दूध तपासले गेले. सुरुवातीच्या वर्षांत त्यांच्या दुधात इतर वस्त्यांतल्या बायकांपेक्षा जास्त पीसीबी होते, शेवटच्या वर्षांत हा फरक उरला नाही. कारण बायकांनी नदीतले मासे खाणे सोडले होते. आकडा उतरला, पण त्याची किंमत कारखान्याने नव्हे, बायकांनी मोजली. पिढ्यान्‌पिढ्यांचे अन्न ताटातून गेले आणि त्याबरोबर मासेमारीचे शहाणपणही.

विष मुळाशी रोखले तर काय होते तेही सिद्ध झाले आहे. स्वीडनने डीडीटी आणि पीसीबीवर बंधने घातली आणि १९७२ ते १९९७ या काळात तिथल्या मातांच्या दुधातले त्यांचे प्रमाण झपाट्याने उतरले. त्याच पंचवीस वर्षांत आग प्रतिबंधक म्हणून वापरल्या जाणाऱ्या ब्रोमिनयुक्त रसायनांचे प्रमाण दर पाच वर्षांनी दुप्पट होत गेले. एक विष गेले, दुसरे आले. म्हणून एका रसायनावर बंदी आणून भागत नाही, दूध सतत तपासत राहावे लागते.

आपल्याकडे शेतीतला डीडीटीचा वापर १९८९ मध्ये बंद झाला, तरी मलेरियासाठीची फवारणी पुढे कित्येक वर्षे चालली. आपल्या रायगड जिल्ह्यातल्या रसायनीलाच सरकारी कारखान्यात डीडीटी बनत होते. चिवट विषारी रसायनांविषयीचा स्टॉकहोम करार भारताने २००६ मध्ये मान्य केला. या रसायनांचा परिणाम स्त्रियांवर आणि त्यांच्यामार्फत पुढच्या पिढ्यांवर होतो, याची नोंद कराराच्या प्रस्तावनेतच आहे. तेव्हा आपण कोणाकडे भीक मागत नाही, सरकारने कबूल केलेलेच मागत आहोत.

आईच्या दुधाची नियमित तपासणी व्हावी. ती बाईची संमती घेऊन व्हावी आणि निष्कर्ष आधी तिला, तिच्या भाषेत कळावेत. तालुक्यात कोणती कीटकनाशके किती विकली जातात हे जाहीर व्हावे. फवारलेल्या शिवारात खुरपायला, कापूस वेचायला जाणाऱ्या गरोदर मजूर बाईला मजुरी न बुडता त्या कामातून सुटका मिळावी. आणि अशा बातम्यांच्या भीतीवर कोणाला डबे विकता येऊ नयेत, म्हणून १९९२ च्या शिशुदुग्धपर्याय कायद्याची अंमलबजावणी कडक व्हावी.

मैत्रिणींनो, पुढच्या महिन्याच्या बैठकीत एवढे तरी करू या : आपल्या गावच्या कृषी सेवा केंद्रात कोणत्या बाटल्या विकल्या जातात त्याची यादी करू, आणि ती घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊ. बाळंतिणीला मात्र एकच सांगू : तू पाज. जाब आम्ही विचारतो.