राख आपल्याकडे, मग निधी कुठे?

चंद्रपूरकर बंधू-भगिनींनो,

उन्हाळ्यात दुर्गापूर-ऊर्जानगरच्या बाया गच्चीवर कुरड्या-पापड घालतात तेव्हा वरून जुने पातळ पांघरतात. संध्याकाळी ते पातळ झटकले की काळी भुकटी उडते. त्याच हवेत आपली लेकरे वाढतात. खोकला, दमा, डॉक्टरची फी, बुडालेली मजुरी हा सगळा खर्च आपल्या खिशातून जातो. कुणाच्याही वीजबिलात तो दिसत नाही.

आपल्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता 2920 मेगावॅट. चंद्रपूर-पडघे ही उच्चदाब वाहिनी 1999 पासून सुमारे 750 किलोमीटर दूर, मुंबईच्या वेशीपर्यंत वीज पोहोचवते. आपल्याकडच्या कोळशात शंभर किलोमागे तीस-चाळीस किलो राख निघते, ती मात्र इथेच साचते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 मध्येच चंद्रपूरला अतिप्रदूषित क्षेत्रांत गणले. म्हणजे आपले दुखणे सरकारदरबारी नोंदलेले आहे.

धुरातील सल्फर डायऑक्साइड रोखण्याचे निकष डिसेंबर 2015 मध्ये आले. दोन वर्षांची मुदत पुढे पुढे ढकलली गेली आणि जुलै 2025 मध्ये देशातील बहुतेक केंद्रांना त्यासाठीची यंत्रणा बसवण्यातून सूट मिळाली. अतिप्रदूषित क्षेत्रांजवळच्या केंद्रांचा निर्णय प्रकरणागणिक घ्यायचे ठरले. यंत्रणा बसवली तर वीज महागेल, असे सांगितले जाते. पण न बसवल्यास तोच खर्च आपल्या फुप्फुसांतून वसूल होतो.

पैसा नव्हता, असेही नाही. 2010 मध्ये कोळशावर टनामागे 50 रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लागला. 2016 मध्ये तो 400 रुपयांवर गेला. 2017 मध्ये त्याच्या जागी जीएसटी भरपाई उपकर आला आणि ही रक्कम राज्यांची महसुली तूट भरण्याकडे वळली. प्रदूषण करणाऱ्यानेच किंमत मोजावी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये कायद्याचा भाग मानले आहे. आपण मागतो आहोत ते कायद्याला धरूनच.

एक निधी आजही आपल्या जिल्ह्यात जमा होतो: जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा. 2015 च्या कायदादुरुस्तीनुसार खाणचालकांना रॉयल्टीच्या प्रमाणात त्यात रक्कम भरावीच लागते. पिण्याचे पाणी, आरोग्य आणि प्रदूषण नियंत्रण यांना त्यात अग्रक्रम आहे. म्हणून आमचे आवाहन:

1. येत्या ग्रामसभेत खनिज निधीचा गावनिहाय हिशेब मागा. फुप्फुसांची तपासणी, दम्याची औषधे आणि शुद्ध पाणी यांसाठी लेखी ठराव घ्या. शहरवासीयांनी हीच मागणी आपल्या नगरसेवकांकडे व जिल्हाधिकाऱ्यांकडे निवेदनाने करावी.

2. दवाखान्याच्या चिठ्ठ्या जपून ठेवा. कोळशाचा वा राखेचा ट्रक ताडपत्रीविना दिसला तर तारीख-वेळेसह फोटो काढा, प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार द्या आणि पोच घ्या.

3. 210 मेगावॅटचे दोन जुने संच बंद झाले आहेत. उरलेलेही एक दिवस होतील. कंत्राटी कामगारांनो, पर्यायी रोजगार आणि प्रशिक्षणाची मागणी संघटनेमार्फत आजच मांडा. ज्यांनी धूर सोसला त्यांच्याच चुली विझवून वीज स्वच्छ होत असेल तर तो न्याय नव्हे.

मुंबई-पुण्याच्या वीजग्राहकांनाही कळकळीची विनंती. धूर रोखण्याचा खर्च युनिटमागे काही पैशांनी तुमच्या बिलात आला तर विरोध करू नका. कमी वीज वापरणाऱ्या गरीब घरांना त्यातून वगळावे, हा आग्रह मात्र आमच्यासोबत धरा.

वीज साऱ्या महाराष्ट्राची आहे, तर तिचा खर्चही साऱ्या महाराष्ट्राने उचलावा. ग्रामसभेची तारीख आजच विचारून घ्या आणि घरटी किमान एकाने हजर राहावे.

आपले,
वीज केंद्र परिसरातील रहिवासी