अजिंठ्याची दारं आणि आपली जर्नल्स

अजिंठा म्हटलं की आपल्याला काय आठवतं? पद्मपाणी, शाळेची सहल आणि "फ्लॅश मारू नका" म्हणून ओरडणारा गार्ड! पण एक अमेरिकन प्रोफेसर पन्नासहून जास्त वर्षं तिथे येत राहिले आणि चित्रांइतक्याच बारकाईने बघत राहिले ती भिक्षूंच्या खोल्यांच्या दारांची भोकं. त्यांचं नाव वॉल्टर स्पिंक. मिशिगन विद्यापीठात ते कलेचा इतिहास शिकवायचे. २०१९ साली ते गेले.

आता तुम्ही म्हणाल, इंजिनिअरिंगच्या मॅगझिनमध्ये कलेचा इतिहास कशाला? जरा थांबा, मित्रांनो.

सातवाहन काळातली चार-पाच जुनी लेणी सोडली, तर अजिंठ्याची बाकीची लेणी शंभर-दोनशे वर्षं खोदली जात होती, असं बरेच अभ्यासक मानायचे. स्पिंक म्हणाले, नाही! वाकाटक राजा हरिषेण याच्या काळात, साधारण इ.स. ४६० ते ४८० या वीसेक वर्षांत हे सगळं झालं. ४७७ च्या सुमारास हरिषेण अचानक वारला आणि कामं जिथल्या तिथे थांबली.

हे कशावरून? तर दारांवरून. लाकडी दार फिरायला दगडात खोबणी लागते. ती कुठे आणि कशी कोरायची, याची पद्धत कारागीर सुधारत गेले. स्पिंक यांनी त्या पद्धतींना ए, बी, सी, डी अशी नावं दिली. म्हणजे आपल्या भाषेत व्हर्जन नंबरच! कुठल्या खोलीला कुठलं व्हर्जन आहे ते बघायचं, की आधी कोण आणि नंतर कोण ते कळतं. १ नंबरच्या लेण्यातल्या मुख्य बुद्धमूर्तीपाशी त्यांना दिव्याची काजळी सापडली नाही. यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की तिथे पूजा कधी सुरूच झाली नाही. अर्धवट राहिलेलं २४ नंबरचं लेणं तर त्यांच्यासाठी उघडं पुस्तक होतं. पूर्ण झालेल्या लेण्यात छिन्नीच्या खुणा घासून गेलेल्या असतात, अर्धवट लेण्यात काम कसं चाललं होतं ते दिसतं.

त्यांची शिकवण्याची रीतही अशीच. आशियाई कलेच्या रंगीत स्लाइड्स इतर कॉलेजांना पुरवायचा प्रकल्प त्यांनी मिशिगनमध्ये चालवला, पण विद्यार्थ्यांना घेऊन ते थेट अजिंठ्याला यायचे आणि वर्ग लेण्यातच भरायचा. त्यांच्या सात खंडांच्या ग्रंथात दुसऱ्या खंडाचं नाव आहे 'अजिंठ्याविषयीचे वाद' आणि सातव्याच्या नावात चक्क 'खोल्यांचे दरवाजे' आहेत. त्यांची कालगणना सगळ्यांना पटली असं नाही. पण ज्याला पटत नाही त्यानेही जाऊन तीच भोकं तपासावीत, इतका पुरावा त्यांनी उघडा ठेवला.

आता आपल्याकडे या. सबमिशनच्या आदल्या रात्री एकच जर्नल अख्ख्या फ्लोअरवर फिरतं. सगळ्यांचा ग्राफ सरळ रेषेत आणि शेवटी ठरलेलं वाक्य, 'नियम पडताळला'. वाकडं आलेलं रीडिंग व्हाइटनरखाली! प्रोजेक्ट रिपोर्टचं तेच. मोटर दोनदा जळली, गिअर रेशो चुकला, पहिली डिझाइन फेकून द्यावी लागली, यातलं एक अक्षर त्यात नसतं. मग पुढच्या वर्षीचे ज्युनिअर्स त्याच चुका, तेवढेच पैसे घालवून, पहिल्यापासून करतात. अजिंठ्याचे कारागीर ए पासून डी पर्यंत पोचले, कारण आधीचं दार नीट का फिरत नाही हे त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. आपण ते दारच लपवतो.

यात फक्त मुलांचा दोष नाही. वाकड्या रीडिंगला मार्क कापले जातात हे एकदा कळलं, की कोण कशाला खरं लिहील? म्हणून सरांना आणि मॅडमना माझी विनंती आहे. चुकलेलं रीडिंग खोडू नका, एक रेघ मारून तसंच राहू द्या आणि ते का चुकलं हे जो नीट सांगेल त्याला मार्क द्या. प्रत्येक प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये 'काय जमलं नाही' असं एक प्रकरण सक्तीचं करा. कॉपी करणाऱ्याला ते लिहिताच येणार नाही, कारण चूक ज्याची त्यालाच माहीत असते!

आणि दोस्तांनो, दिवाळीत अजिंठ्याला जाणार असाल तर पद्मपाणी जरूर बघा. पण एखाद्या खोलीच्या दारात वाकून ती भोकंही बघा. दीड हजार वर्षांपूर्वीच्या कुणाच्या तरी रफ वर्कचं ते पान आहे, आणि नशिबाने तेव्हा व्हाइटनर नव्हतं.